उतारावरचं कुत्रं

रोडोपीच्या डोंगरात झ्लातिना रोज कमरेला पाण्याची बाटली बांधून पळायची. चढताना वाटेवरच्या मेंढपाळाचं कुत्रं डोळाही उघडायचं नाही. उतरताना मात्र अंगावर धावून यायचं. आवडती वाट आता सुटणार, असं तिला वाटू लागलं.

शेवटी तिने मेंढपाळालाच विचारलं, “मानोलकाका, जाताना मी पाहुणी नि येताना चोर?”

“उड्या मार बघू.”

तिने मारल्या. अर्धी उरलेली बाटली डुचमळली नि कुत्रं झेपावलं.

काका हसले. “अगं वेडे, भरली बाटली मुकी असते. माझा पाण्याचा भोपळा असा वाजला की त्याला पाणी मिळतं. तू रोज वाजवतेस नि पळून जातेस!”

झ्लातिनाने तळहातावर पाणी ओतलं. खरखरीत जीभ फिरली.

तेव्हापासून ती अर्धं पाणी राखून, मुद्दाम वाजवत उतरते.