एका घासाचा चमचा

मित्रांनो, मी मुरंब्याचा एक जुना चमचा आहे. दिसतो चांदीचा, पण चांदीचा नाही. माझी वाटी इतकी उथळ आहे, की माझ्याने आजवर कोणाचे पोट भरले नाही. मला त्यासाठी घडवलेच नव्हते.

आम्ही सहा भावंडे एकाच साच्यातून निघालो आणि स्तामेन्काबाईंच्या लग्नात आहेर म्हणून सर्बियातल्या मोराव्हित्सा नदीकाठी त्यांच्या घरी आलो. दारात पाहुणा आला की ट्रे निघे. त्यावर रानस्ट्रॉबेरीचा मुरंबा, पाण्याचे पेले आणि आम्ही. पाहुण्याने एक चमचा मुरंबा खायचा, वर पाणी प्यायचे आणि चमचा रिकाम्या पेल्यात ठेवायचा. दुसऱ्यांदा चमचा बुडवणाऱ्याचे नाव गावात हावरट म्हणून आठवडाभर निघे. बाई आम्हाला राखेने घासत आणि म्हणत, "बघा, तोंड दिसतं यात." ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे माझी भावंडे एकेक करून हरवली. बाईंच्या डोक्यातूनही एकेक गोष्ट जाऊ लागली. आधी चुलीवरचे दूध गेले, मग घरचा रस्ता, मग मुलाचे नाव. मुलगा मिओद्राग ट्रक चालवत असे, आठवडेच्या आठवडे बाहेर. त्याने आईला वृद्धाश्रमात ठेवले. तिथल्या ओलिव्हेरा सिस्टर त्याला म्हणाल्या, "घरातली एखादी ओळखीची वस्तू द्या. नव्या जागेत आधार वाटतो." त्याने मला दिले. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

त्या आश्रमात बायकांना स्मृती गेलेल्या माणसांची देखभाल शिकवत. आठ जणी होत्या. शिकायच्या इथे आणि परवान्याचा कागद हातात पडला की नोकरीला जायच्या ऑस्ट्रियाला. ओलिव्हेरा सिस्टर एकीचे हात टॉवेलखाली ठेवायला लावत आणि दुसरीला तिला भरवायला सांगत.

"अगं, तोंड आहे का कोळशाची भट्टी? पहिला घास गिळू तर दे," दुशित्सा खोकत म्हणाली. शिवणाचा कारखाना बंद पडल्यावर ही पंचेचाळीस वर्षांची बाई शिकायला आली होती.

"आता कळलं ना?" सिस्टर म्हणाल्या. "म्हातारं माणूस हेच सांगू शकत नाही. म्हणून तुम्ही बघायला शिका."

दुशित्साकडे स्तामेन्काबाईंना सोपवले. बाई आश्रमातल्या मोठ्या चमच्याला तोंड लावेनात, म्हणून तिने मला आणले. मला पाहून बाई हसल्या, सुपाचा एक घास घेतला, वर पाणी प्यायल्या आणि मला पेल्यात ठेवले.

"छान झालंय हो. निघते मी आता. घरी वाट बघत असतील," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळले. पण मी चमचा. पेल्यात पडून मी किती आक्रोश केला असेल! कोणाला ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बटाटा असो, दही असो, बाई एक घास घेत आणि मला पेल्यात ठेवत. "घरी जायचं" असे तिथे सगळेच म्हणत, म्हणून त्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वहीत रोज लिहिले जाई, 'खायला नकार.' बाईंच्या बोटातली अंगठी गळून पडू लागली. मी त्यांना उपाशी मारत होतो, आणि आश्रमातली माणसे रोज प्रेमाने मलाच त्यांच्या हाती देत होती.

तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी सांगितले, "सोमवारी वजन सदतीस किलोच्या खाली गेलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवा. तिथे नळी घालतील."

"आई नळी उपसेल हो," मिओद्राग फोनवर म्हणाला.

"उपसू नये म्हणून तिथे हात बांधतात," ओलिव्हेरा सिस्टर म्हणाल्या.

शनिवारी दुशित्सा बाईंसमोर रडकुंडीला आली. "मावशी, पाया पडते, अजून एक घास."

बाईंनी मला पेल्यात ठेवले आणि तिचा हात थोपटला. "तुमच्या हाताला चव आहे, सूनबाई. पण आता तुम्ही आमच्याकडे यायचं. नेहमी आम्हीच यायचं का?"

दुशित्सा पेल्याकडे बघत राहिली. मग उठून थेट सिस्टरांकडे गेली. "सिस्टर, या नकार देत नाहीत. या पाहुण्या आहेत. चांगल्या घरची बाई दुसऱ्याच्या घरी दोनदा चमचा बुडवेल का?"

सिस्टर खाली बसल्या. "वीस वर्षं शिकवतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि रोज माझ्या हाताने लिहीत होते, 'नकार'."

दुशित्साने मला पुसून आपल्या खिशात टाकले आणि बाईंना स्वयंपाकघरात नेले. स्वयंपाकीण राडोय्का दारातच आडवी आली. "इथे पेशंट आणायचे नाहीत. तपासणीवाले आले तर माझी नोकरी जाईल."

"पेशंट नाहीत या. घरच्या बाई आहेत," दुशित्सा म्हणाली आणि बाईंना एप्रन बांधला. "मावशी, राजम्यात मीठ बघता का? मला बाई काही कळत नाही."

खिशात अंधार होता. मला फक्त आवाज येत होते. आधी पळी भांड्यावर आपटली.

"यात मीठ घातलंय, का नुसती मिठाची आठवण काढलीय?" हा आवाज माझ्या जुन्या घरातला होता. "आण इकडे. आणि पाव कुठाय? पावाशिवाय चव कशी कळणार?"

बाईंनी चव घेतली. मीठ घातले, पुन्हा चव घेतली. राडोय्काने एक स्टूल पुढे सरकवल्याचा आवाज आला. "बसायला वेळ कुठाय?" असे म्हणून बाई उभ्यानेच खात राहिल्या. दुशित्सा पुटपुटत घास मोजत होती. चौदा झाल्यावर तिला मोजता येईना.

सोमवारी काटा सदतीस किलो आणि वर शंभर ग्रॅमवर थांबला. त्या आठवड्यापुरते बाईंचे हात मोकळे राहिले. पुढच्या सोमवारचे कोणी सांगावे? दुशित्साचा कागद आला आहे, ती जाणार. उरलेल्या सात जणींना ती स्वयंपाकघराची वाट दाखवते आहे, पण त्यांचेही कागद येतील.

मी आता एका खणात असतो. काळा पडलो आहे. मित्रांनो, माझ्यासारखे सगळे शेवटी सांगतात, "आम्हाला विसरू नका." मी तसे म्हणणार नाही. तुमच्या घरातले म्हातारे माणूस एका घासावर उठत असेल, तर 'खात नाही' असे लिहून मोकळे होऊ नका. आपण कोणाच्या घरी बसलो आहोत असे त्याला वाटते, ते आधी शोधा. आणि मला पुन्हा बाईंच्या हाती द्यायला माझा खण कोणी उघडायला निघाले, तर त्याचा हात धरा.