पिन त्यांची, पक्कड तिची

सासऱ्यांचं सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी वायरलेस सेटसमोर बसत आणि दूरच्या गावातल्या जुन्या दोस्ताशी पोटभर गप्पा मारत. एकदा सोसाट्याचा वारा सुटला, गच्चीवरच्या अँटेनाच्या केबलला हिसका बसला, टोकाचा कनेक्टर निखळला आणि गप्पा बंद पडल्या.

सून केबल टाकणाऱ्या कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, मी क्रिंप करून देते. पक्कड दाबली की झालं."

"दाबून बसवलेलं कधी टिकतं का? सोल्डर ते सोल्डर!" म्हणत त्यांनी कथिलाचा डाग द्यायची सोल्डरिंग गन तापत ठेवली.

पण हल्ली त्यांचा हात थरथरायचा. गनचं टोक एका जागी ठरेना. मधलं पांढरं प्लास्टिक वितळून आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली, म्हणजे शॉर्टच. त्यांनी केबल कापून पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"सगळी केबल भाजून संपवणार आहात का?" सासूबाई आतून ओरडल्या.

एरवी त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. आज ते हात मांडीखाली दाबून बसले. सुनेला ते बघवेना. तिने बॅगेतून दुसरा कनेक्टर काढला.

"बाबा, ह्याची जाळी दाबून बसते, पण मधली पिन सोल्डरच करावी लागते. माझी सवय मोडली आहे. मी धरते, तुम्ही करा. कोपर टेबलावर टेका."

सवय काही मोडली नव्हती. सासऱ्यांनी तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं, पण कोपर टेकलं.

"कथील कधी लावायचं?" तिने विचारलं.

"पिन तापू दे. मग ती आपणहून ओढून घेते."

घेतलंही. सुनेने केबलवर आधीच चढवलेली नळी जाळीवर सरकवली आणि पक्कड करकचून दाबली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. कनेक्टर हलेना.

"बरी आहे की तुझी पक्कड!"

सेट लावताच दोस्ताचा आवाज आला, "होतास कुठे? मला वाटलं, रुसलास!"

"सूनबाईने कनेक्टर क्रिंप केलाय."

"क्रिंप? तू करू दिलास? शुद्धीवर आहेस ना?"

"उगाच बोलू नकोस. ओढून बघितलाय मी!"

सुनेला कामावर जायला उशीर होत होता. तरी दारात चप्पल घालता घालता ती रेंगाळली. आत सासरे दोस्ताला क्रिंपिंगचे फायदे पटवून देत होते आणि त्यांचा चहा गार होत होता.