होटगी-दोनवरचा विनातिकीट

माणूस डब्यात कसा बसलाय यावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही, हे मला सांगता येतं. तेहतीस वर्षं टीसी होतो, त्यातली निम्मी होटगी-सोलापूर पट्ट्यात गेली. विनातिकीटवाला खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो. निवृत्त झालो, काळा कोट गेला, नजर मात्र गेली नाही. माझी बायको मीना म्हणते, "भाजीवाल्याकडंबी तुमी तिकीट मागितल्यासारखं बघताय." बघतो. संशयाला औषध नाही म्हणतात. मला तर तो आजारच वाटत नाही.

म्हणून इंटरनेटच्या जुन्या कंपनीने कनेक्शन तोडलं आणि आपलं मोडेम परत नेलं नाही, तेव्हाच मी म्हटलं, यात काहीतरी आहे. फुकट कोण काय ठेवून जातं? ते डबडं मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी कीर्तीने ते खाली काढलं. कीर्ती माझी मुलगी. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, दहा मुलाखती दिल्या, दहाही ठिकाणांहून नकार. अकरावी बुधवारी सकाळी अकराला होती, फोनवर, व्हिडिओने. पुण्याच्या कंपनीचं घरबसल्या करायचं काम होतं. "हीबी गेली तर मी अर्ज करायचं सोडणार, बाबा," ती म्हणाली, आणि ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. अडचण एवढीच, की नव्या कंपनीचं वाय-फाय खालच्या खोलीत. भवानी पेठेतलं आमचं घर अरुंद आणि उभं. वर तिच्या खोलीत त्याचा मागमूस लागत नाही, आणि मोबाइलच्या रेंजची तर आमच्या बोळात बोंबच आहे.

"जुनं मोडेम वर लावू," ती म्हणाली. "खालच्या डब्यातून वायर आणायची, की ते नुसतं वाय-फाय पसरवंल."

तिने मागच्या भोकात टाचणी खुपसून त्याची जुनी आठवण पुसली. मग एक गोष्ट बंद केली. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर वाटायचं काम खालचा डबा करतो, वरच्याने त्यात तोंड घालायचं नाही. हे मला लगेच पटलं. एका डब्यात दोन टीसी चढले की भांडण ठरलेलं. वायर टेलिफोनच्या भोकात न घालता शेजारच्या पिवळ्या भोकात घातली. राहिलं नाव.

"दोन्हीकडं एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवते. फोनला कळणारबी न्हाई कुटला डबा."

"न्हाय!" मी म्हणालो. "कोण कुटल्या डब्यात चढलं हे मला कळलं पाहिजे. खालचं होटगी-एक हायच, वरचं होटगी-दोन."

घातलं तिने तसंच नाव.

माझी एक वही आहे. घरातल्या चारही वस्तूंचे, म्हणजे तीन फोन आणि टीव्ही यांचे जन्मापासूनचे, ओळख पटवणारे लांबलचक नंबर मी तीत उतरवून ठेवले आहेत. खालच्या डब्याची यादी माझ्या फोनवर दिसते. सकाळ-संध्याकाळ मी वही घेऊन ती तपासतो. मंगळवारी संध्याकाळी तपासली आणि अंगावर काटा आला. एक अनोळखी नंबर. नावाची जागा कोरी. होटगी-दोनवरून आलेला.

कीर्तीचा नंबर यादीत नव्हता, हे तेव्हा मला खटकायला हवं होतं. पण जो गाडीत नाही त्याला टीसी तपासत नाही.

होटगी-दोन वरच्या मजल्यावर. तिथल्या भिंतीला भिंत लागून रेवणसिद्धचं घर. चादरींचा व्यापारी, तीस वर्षांचा शेजार. सोमवारी वायर ठोकताना तो गच्चीतून विचारत होता, "काय नवीन बसवायलाय, टीसी सायेब?" एवढी चौकशी कशाला हवी? कीर्तीला विचारलं असतं तर ती हसली असती, शिवाय मुलाखतीची तयारी करत बसली होती. मी सरळ त्याच्या दारात गेलो.

"तुमच्या घरातलं कोण आमचं वाय-फाय वापरतंय?"

रेवणसिद्धचा घास हातात राहिला. त्याची बायको शिवबाई चुलीपाशी नव्हे, दाराशीच उभी होती. "आमी कशाला वापरू वो?" ती म्हणाली. "आमचं हाय की."

"मी चोर म्हणालो न्हाय. विचारलं," मी म्हणालो, आणि घरी आलो. रेवणसिद्धने मान वर केली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

बुधवारी अकराला कीर्तीने खोलीचं दार लावून घेतलं. मी खाली फोन घेऊन बसलो, आज तिच्या वाटेत कुणी येता कामा नये म्हणून. अकरा वाजून दहा मिनिटांनी यादी उघडली. तोच कोरा नंबर! आणि नेट असं ओढत होता, की बाकी सगळे मिळून त्याच्या पासंगाला पुरत नव्हते. माझ्या पोरीच्या ऐन मुलाखतीत हा फुकट्या! माझं डोकंच फिरलं. नंबरावर बोट ठेवलं, 'बंद करा' दाबलं. विनातिकीटवाल्याला पुढच्या स्टेशनावर उतरवल्यावर वाटायचं, तसं बरं वाटलं.

वरून कीर्ती ओरडली.

ती जिना उतरत आली तेव्हा फोन हातात, चेहरा पांढरा. "नेट गेलं! बाबा, काय केलंत?"

मी वही पुढे केली. तिने कोऱ्या जागेकडे पाहिलं. "हा माझा फोन हाय," ती म्हणाली. "नव्या नावाच्या वाय-फायवर गेला की फोन नवा नंबर सांगतो. कुणी पाळत ठेवू नये म्हणून." आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता बाहेर पळाली.

मी मागे धावलो. ती रेवणसिद्धच्या उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच तिच्या फोनला नेट आलं. कुणी पासवर्ड विचारला नाही, सांगितला नाही. शिवबाईने बाहेरच्या खोलीतल्या चादरींच्या गठ्ठ्यांमागे तिला स्टूल दिलं आणि दार ओढून घेतलं. आतून कीर्तीचा आवाज आला, "सॉरी सर, लाइन गेली होती."

मी ओट्यावर उभा. शिवबाई माझ्याशेजारी.

"हिला पासवर्ड कुटनं मिळाला?" माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हाही!

"दोन वर्सं झाली की," शिवबाई म्हणाली. "तिच्या खोलीत आमचंच येतंय, पण भिंतीतनं तुटत-तुटत, म्हणून तर तिनं वर डबा बसवला. दहाच्या दहा मुलाखती आमच्याच वायफायवर दिल्या तिनं. तुमाला सांगू नका म्हणली, तुमी रागावताय म्हणून. पोरगी आमचीच की."

रेवणसिद्ध ओट्याच्या टोकाला बसून होता. काल अर्धवट राहिलेला त्याचा घास मला आठवला. काखेत कळसा गावाला वळसा, हे दुसऱ्याला ऐकवायला सोपं असतं. मला लाज वाटली, इतकी की पायांत चप्पल नाही हेसुद्धा तेव्हा कळलं.

"रेवणसिद्ध," मी म्हणालो, "चुकलं माझं."

"बसा," तो म्हणाला, आणि सरकून जागा केली.

शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. कीर्तीची निवड झाली. मीनाने शिरा केला, पहिली वाटी रेवणसिद्धकडे गेली. मी कीर्तीला न विचारता तिचा नंबर मोकळा केला, वरच्या डब्याचं नाव बदलून खालच्यासारखंच केलं, आणि वही रद्दीत टाकली. सोमवारी तिच्या कामाचा पहिला दिवस. मी वरची खोली झाडून, टेबल पुसून ठेवलं.

साडेनऊला ती कंपनीचा लॅपटॉप घेऊन जिना उतरली आणि चप्पल घालू लागली.

"कुटं? वर चांगलं नेट येतंय आता," मी म्हणालो.

"शिवबाईंकडं बसते, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "तितं मला कुणी तपासत न्हाई."