नऊ वर्षांच्या मापाचा झगा

शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्या दोन्ही बाजू उसवल्या गेल्या.

मित्रांनो, मी एक जुना पांढरा झगा आहे. आमच्या घरातल्या मुली दृढीकरणाच्या दिवशी मला घालतात. त्या दिवशी बिशप कपाळावर पवित्र तेलाने क्रूस काढतात आणि मूल आपल्या श्रद्धेला स्वतःच्या तोंडाने हो म्हणते. निदान तसे सांगतात तरी.

आजीने मला शिवले तेव्हा मी खळ लावून ताठ होतो. बायका मला चिमटीत धरून वाखाणत. मग पेटी, डांबरगोळ्या, कुबट वास. ते मी सोसले. किळस आली ती निराळ्याच गोष्टीची.

या घरातल्या दोन मुलींपैकी थोरलीने नवव्या वर्षीच दृढीकरणाचा ध्यास घेतला होता. प्रश्न विचारून ती फादरांना भंडावून सोडायची. "शेंबूड पुसता येत नाही, आणि चालली दृढीकरणाला!" मावशी म्हणाली. घरच्यांनी तिला चौदाव्या वर्षापर्यंत थांबवले. तोवर तिचे मन उडाले. तरी मला तिच्या अंगावर चढवलेच, कारण पाहुणे बोलावून झाले होते. ती रागाने घामेजली होती आणि तो आंबूस घाम मी दिवसभर पीत होतो.

आता धाकटी नऊ वर्षांची आहे. उद्या बिशप येणार, म्हणून मला उसवून मापासाठी तिच्या अंगावर चढवले होते.

"हिचं आत्ताच उरकून टाक गं," मावशी तोंडातल्या टाचण्या काढत आईला म्हणाली. "मोठी झाली की हीपण तोंड वर करून बोलेल."

"मावशी, मला अजून नीट कळत नाही."

"तुला कशाला कळायला हवंय? हात वर कर!"

शी! ज्या वयात थोरलीला अडवले, त्याच वयात धाकटीला ढकलत होते. टाचणी मला नवी नाही. या शब्दांनी मात्र शिसारी आली.

तेवढ्यात फादर आले. दृढीकरणाआधी ते प्रत्येक मुलाच्या घरी जातात.

"नऊ वर्षं म्हणजे लहान नाही ना, फादर?" आईने विचारले.

"ही देणगी आहे, परीक्षेचा निकाल नाही. वयावरून मी अडवणार नाही. पण तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? केक सांगून झालाय!" मावशी म्हणाली.

धाकटीने पडद्याआड जाऊन मला डोक्यावरून ओढून काढले आणि घरातला फ्रॉक चढवला. "फादर, मला तुमच्याशी बोलायचंय. एकटीला."

"अगं ए!" मावशी उठली. थोरली दारात तिच्या आडवी आली. "बस गं मावशी. माझ्या वेळी बोललीस तेवढं पुरे."

मित्रांनो, योग्य वय कोणते, ते मला कापडाला ठरवता येत नाही. पण एक विनवणी आहे. मोठे व्हाल तेव्हा आपल्या सोयीने कुणा मुलाला लहान किंवा मोठे ठरवू नका. आधी त्याचे ऐका.

धाकटी आणि फादर अजून बाहेर पायरीवर बसले आहेत. मी खुर्चीच्या पाठीवर लोंबतो आहे. आईने सुईत दोरा ओवला आहे, पण टाका घातलेला नाही.