पाचची फेरी

"आज राहू दे की, वेंकोजी अंकल. आयुधपूजा झालीय. आज हत्याराला हात लावायचा नसतो, तुम्हीच सांगितलं ना?" नव्या नावाची सिस्टर मान वर न करता म्हणाली.

ती म्हणत होती ते खरेच होते. हूटगळ्ळीच्या या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये बावीस वर्षे देखभालीचे काम करणारे वेंकोजीराव त्या बाबतीत भलतेच कडक. सकाळी त्यांनी पक्कड, पेचकस देवापुढे मांडले आणि ऑक्सिजनच्या यंत्रापासून खाटांच्या कठड्यांपर्यंत सगळ्यांना हौसेने गंधकुंकू लावले. मदतीला बोलावायच्या घंटांची बटणेसुद्धा सोडली नाहीत.

रोज पाचला प्रत्येक बटण दाबून पाहायचे, हा त्यांचा नेम. आज पाऊल अडखळले खरे, पण चैन पडेना.

"हत्यार नको, नुसतं बोट लावतो," म्हणत ते निघाले.

तीन खोल्यांतल्या घंटा वाजल्या. चौथीत विशालाक्षी अक्का राहायच्या. निवृत्त शिक्षिका, दोन महिन्यांपूर्वीच खुब्याचे ऑपरेशन झालेले. खाट रिकामी होती.

"वेंकोजी का?" बाथरूममधून आवाज आला. "आत येऊ नको. नव्याला पाठव."

नव्याने त्यांना धरून बाहेर आणले, खुर्चीत बसवले आणि ती कामाला गेली. अर्धा तास अक्का कमोडवर बसून तिथले लांब वायरीचे बटण दाबत होत्या. कडेला गंध वाळून ते आतच रुतून बसले होते. उठताना तोल गेला असता, तर ते हाड पुन्हा जुळले नसते.

"अक्का, माझ्याच हातचं गंध आहे हे. चूक माझी."

"असू दे रे. दाबून दाबून बघितलं, कोण येईना. भिंत धरून उठू म्हटलं. मग म्हटलं, पाचला तू येतोसच की. म्हणून सुम्ने, गप्प बसून राहिले."

ज्या फेरीची कधी कोणी दखल घेतली नाही, तिच्या भरवशावर ही बाई हलली नव्हती. अक्कांचे उपकार कसे फेडावेत ते वेंकोजीरावांना कळेना. देवापुढे जाऊन, हात जोडून त्यांनी पेचकस उचलला आणि परत येऊन बटण उघडून लख्ख पुसले.

"दाबा, अक्का."

बाहेर घंटा वाजली. अक्कांनी पुन्हा एकदा दाबली. नव्या धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही ग. वाजतंय."

वेंकोजीराव खाली मान घालून शेवटचा स्क्रू आवळत होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.