लंकाबाईनं ओळखलेलं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. काठाला पोचे, तळाला ठिगळ. घमेल्याची कसली आलीय कहाणी, असं म्हणून हसू नका. तुमच्या घराचा पाया खणला, तेव्हा माती माझ्याच भाऊबंदांनी वाहिली.

जामखेडच्या बाजारातून मला रंगनाथरावांनी विकत आणलं. घर मोठं, जमीनजुमल्याचं. पण त्या घरातल्या कुणी मला कधी डोक्यावर घेतलं नाही. ते काम लंकाबाईचं. ती गावकुसाबाहेर राहायची. रोज सकाळी गोठ्यातलं शेण माझ्यात भरायची, चुंबळीवर मला ठेवायची आणि उकिरड्याकडे निघायची. एकदा माझा तळ फाटला. मालक मला भंगारात घालणार होते, पण लंकाबाईनं लोहाराकडे नेऊन ठिगळ मारून आणलं. ते जरा वाकडंच बसलं. त्याचा एक खिळा तिला टोचायचा, मग ती मला शिव्या घालायची, पण दुसरं घमेलं काही घ्यायची नाही. मालकीण छबूबाई हे सगळं ओसरीवरून बघायची. शेणाच्या घमेल्याला तिनं हात लावावा, असं त्या घराचं वळण नव्हतं.

मग बहात्तर साल आलं. विहिरीनं तळ गाठला. सगळ्यात आधी लंकाबाईचं काम गेलं, आणि ती बिऱ्हाड घेऊन कुठंतरी दुष्काळी कामावर निघून गेली. पुढं रंगनाथराव बैल घेऊन छावणीत जाऊन राहिले. घरी उरल्या छबूबाई आणि तिची मुलगी बनू. कणगीही झाडून झाली. बनूचं लग्न पुणतांब्याच्या एका बागायतदार घरात ठरलेलं. मुलीची आई मातीकामाला जाते हे व्याह्यांच्या कानावर गेलं, की सोयरीक मोडलीच म्हणून समजा. आणि कामावर न जावं, तर खायचं काय?

बनूला शेजारणीपाशी ठेवून, माहेरी जाते असं सांगून छबूबाई खर्ड्याकडच्या तलावाच्या कामावर निघाली. तिथं आपल्याला कुणी ओळखणार नाही, असा तिचा हिशेब. पदर नाकापर्यंत ओढला, डोरलं आत लपवलं, आणि जाताना मला काखेत मारलं. घमेली सगळी सारखीच, असं तिला वाटलं असणार. ज्यानं घमेलं कधी उचललंच नाही, त्याला तसं वाटायचंच.

ते काम पाहून माझी तर छातीच दडपली, मित्रांनो. नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं. कुणी खणतंय, कुणी भरतंय, आणि खड्ड्यापासून बांधापर्यंत बायांची रांग. माती हातातून हातात वर चढत होती. कुणबी, माळी, धनगर, गावकुसाबाहेरची, सगळ्यांच्या अंगावर एकच धूळ. कोण जमीनवाली आणि कोण बिनजमिनीची, ओळखू येईना. समाजात थर असतात असं तुम्ही पुस्तकात वाचता ना? ते थर या धुळीत पार बुजून गेले, असं मला वाटलं.

रांगेत छबूबाईनं मला पुढच्या बाईच्या हातात दिलं. त्या बाईचा तळवा माझ्या ठिगळाला लागला आणि तिथंच थांबला. तिनं वाकड्या खिळ्यावरून अंगठा फिरवला. तो अंगठा मला परका नव्हता. ती लंकाबाई होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदराआडच्या चेहऱ्याकडे. रांग खोळंबली तसा मुकादम पुंजाराम धावत आला. ही नवी बाई कोण, कुठल्या गावची, ओळखीचं माणूस असल्याशिवाय टोळीत घेत नसतो, असं तो बोलत सुटला. छबूबाईनं पदर आणखी पुढं ओढला. तिची लाज आता लंकाबाईच्या जिभेवर होती. जन्मभराचं उट्टं काढायचं असतं, तर एक नाव पुरेसं होतं.

"माजी भन हाय," लंकाबाई म्हणाली. "बोलत न्हाई, पन कामाला वाघीन हाय."

मुकादम हसला आणि निघून गेला. माझा मात्र कानांवर विश्वास बसेना.

दुपारी पाण्याची सुट्टी झाली. पाणी द्यायला केशरबाई नावाची बाई होती. धुळीत बुजलेले थर तिच्या रांजणापाशी पुन्हा वर आले. एकीकडे हातात तांब्या मिळायचा. दुसरीकडे खाली बसून ओंजळ धरायची आणि केशरबाई उंचावरून धार सोडायची. छबूबाई सवयीनं तांब्याकडे गेली. केशरबाईनं हात आडवा केला.

"तू लंकाबाईची भन ना? मग तिकडं बस. तांब्याला शिवू नको."

छबूबाईचा हात पदराकडे गेला. तो मागं सारून खरं नाव सांगितलं असतं, तर तांब्या मिळाला असता. पण मग बनूचं लग्न गेलं असतं, आणि खोटं बोलली म्हणून लंकाबाईचं कामही. लंकाबाई खाली मान घालून उभी होती. बहीण म्हणताना हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

छबूबाई जाऊन खाली बसली आणि तिनं ओंजळ पुढं केली. पण असं पाणी प्यायची रीत तिला कुठून ठाऊक असणार? सगळं पाणी बोटांतून गळून कोपरावरून वाहून गेलं. मागच्या बाया कावल्या. तेवढ्यात लंकाबाई शेजारी टेकली, स्वतःची ओंजळ भरून घेतली आणि छबूबाईच्या तोंडापाशी नेली.

"माज्या वंजळीतनं चालंल का?" तिनं हळूच विचारलं.

छबूबाईनं मान वाकवली. ते पाणी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग पदराआडून म्हणाली, "आनखी दे, बाई."

मित्रांनो, किती पावसाळे पाहिले, किती बांध उभे राहताना पाहिले, पण एवढं मोठं काही माझ्या पाहण्यात नाही. बनूचं लग्न झालं. दोघी गावी परतल्या आणि त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. गाव बदललं असं मी सांगितलं, तर ती थाप होईल.

आता मी गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडून आहे. मला घासा, तेल लावा, असं काही माझं मागणं नाही. तहानलेलं माणूस दारी आलं, तर एवढं करा. धार उंचावरून सोडू नका. तांब्याच त्याच्या हातात द्या.