चार दिवस जास्त

इद्दत संपण्याची वाट जुवैना दोन कारणांनी पाहत होती. एक तर नवऱ्यामागचं ते चार महिने दहा दिवस घरात बसणं नीट पार पडावं, अल्लाच्या दारी काही उणं राहू नये. दुसरं, मसीरा. मुबारक त्या बेटावर जन्मलेला. लग्न झाल्यापासून म्हणत आला, "पुढच्या उन्हाळ्यात तुला नक्की नेतो. कासवी वाळूत अंडी घालते ना, तेव्हा रडते गं. खरंच!"

"तुम्हीच काहीतरी बोलला असाल तिला," ती म्हणायची.

उन्हाळे गेले, आणि या वर्षी मुबारकही गेला.

आता मुलगा नेणार होता. तेलविहिरीवरून सुलैमचा फोन आला. "आई, शुक्रवारी तुझी इद्दत संपते. शनिवारी निघायचं. तंबू घेतला, रजाही मंजूर झाली."

तिने फोन ठेवला, तशी कहवा ओतणारी शेजारीण शम्सा म्हणाली, "अगं सुलैमच्या आई, शुक्रवार कसला? चंद्राच्या महिन्यांनी सोमवारीच सुटतेस तू. पोरानं ऑफिसच्या कॅलेंडरवर मोजलं वाटतं!"

"मोजलं असेल."

"मग सांग की त्याला. वारा सुटायचे दिवस आले, मग बोट बंद."

"इतक्या हौसेनं रजा काढलीय त्यानं. कमी पडले असते तर पाप. चार दिवस जास्त झाले तर काय बिघडतं?"

सोमवारी ती मोकळी झाली, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. खजूर निवडून डब्यात भरले. नमाजाच्या चटईवर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली.

शनिवारी धक्क्यावर बोट बांधूनच ठेवलेली होती. समोर समुद्र पिसाळलेला, आणि बेटाच्या जागी नुसता धुरळा.

"गुरुवारपासून बंद," धक्क्यावरचा माणूस ओरडून म्हणाला. "बुधवारपर्यंत पाणी कसं तेलासारखं होतं! तेव्हा यायचं."

"तेव्हा कसं येणार?" सुलैम चिडला. "आईची इद्दत कालच संपली."

माणसाचा आवाज खाली आला. "अल्ला सबर देवो, मावशी."

जुवैनाने मान हलवली. खजुराचा डबा तिने जवळ ओढून घेतला.

"माझी रजा परवा संपते," सुलैम म्हणाला. वाऱ्याकडे पाठ करून तो तिच्याकडे वळला. "जाऊ दे, आई. पुढच्या उन्हाळ्यात तुला नक्की नेतो."

आवाज अगदी बापाचा.

तिने डबा उघडला. "खाऊन घे," ती म्हणाली, "खजुरात वाळू जायच्या आत."